तिकीट काढलं, तारा बाकावर: एनबीएबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात व्यावसायिक बास्केटबॉलबद्दल प्रश्न मागवले होते. सकाळी सहाला उठून अमेरिकेतल्या एनबीए लीगचे सामने पाहणारे इतके वाचक महाराष्ट्रात आहेत, हे आलेल्या पत्रांवरून दिसलं. त्यातली बहुतेक पत्रं तक्रारीची आहेत, आणि ती तळमळीने लिहिलेली आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र करून सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

मुलगा न्यू जर्सीत असतो. तिकडे गेलो असताना नातवासाठी एनबीएच्या सामन्याची तिकिटं काढली. ज्याच्यासाठी काढली तो खेळाडू साध्या कपड्यांत बाकावर बसून होता. दुखापत नव्हती, विश्रांती होती म्हणे. असे पैसे परत मिळतात का? आणि लीग हे चालू कसं देते?
– एक वाचक, ठाणे

पैसे परत मिळत नाहीत. तिकीट सामन्याचं असतं, खेळाडूचं नव्हे. पुढच्या वेळी मात्र तारीख निवडताना तीन गोष्टी पाहून घ्या. ज्याचा खेळ पाहायचा त्याचा संघ आदल्या रात्री दुसऱ्या गावी खेळलेला नसावा. वेळापत्रकात हे सहज कळतं. सामना राष्ट्रीय वाहिनीवर दाखवला जाणार असेल तर फार चांगलं, कारण अशा सामन्यात धडधाकट ताऱ्याला बसवायला लीगची मनाई आहे. तिसरं म्हणजे सामन्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी लीगची दुखापतींची यादी उघडा. कोण खेळणार नाही आणि कोणाचं नक्की नाही, हे प्रत्येक संघाला तिथल्या वेळेनुसार आदल्या दिवशी पाचपर्यंत कळवावं लागतं. लागोपाठच्या दोन सामन्यांपैकी दुसऱ्यासाठी ही मुदत त्याच दिवशी दुपारी एकची असते.

लीगने हे थांबवायचा प्रयत्न केलेला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये नवं धोरण आलं. गेल्या तीन हंगामांत ऑल-स्टार (हंगामाच्या मधला ताऱ्यांचा प्रदर्शनी सामना) किंवा ऑल-एनबीए (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी) संघात निवडला गेलेला खेळाडू तारा धरायचा. एका सामन्यात एकाहून जास्त तारे बसवायचे नाहीत. बसवायचाच तर शक्यतो घरच्या मैदानावर बसवायचा, म्हणजे वर्षातून एकदाच ज्या गावी तो संघ जातो तिथल्या लोकांची निराशा होत नाही. पहिल्या चुकीला १ लाख डॉलर दंड, दुसऱ्या चुकीला अडीच लाख, आणि पुढे दर वेळी आधीच्या दंडापेक्षा १० लाख जास्त. मार्च २०२५ मध्ये युटा जॅझला लॉरी मार्कानेनला न खेळवल्याबद्दल १ लाखाचा दंड झालाही. संघांच्या किमती अब्जावधी डॉलरमध्ये असताना हा आकडा कोणाला बोचत नाही.

खेळाडूंसाठी दुसरा नियम आला. २०२३-२४ पासून सर्वोत्तम खेळाडूचा किताब किंवा ऑल-एनबीए संघात जागा हवी असेल तर ८२ पैकी ६५ सामने खेळलेच पाहिजेत, आणि सामना मोजला जायला किमान २० मिनिटं कोर्टवर असायला हवं. फक्त दोन सामन्यांपुरती १५ मिनिटांची सवलत आहे. नियम ऐकायला रास्त वाटतो, पण पहिल्याच वर्षी त्याची दुसरी बाजू दिसली. जानेवारी २०२४ मध्ये इंडियाना पेसर्सच्या टायरीस हॅलिबर्टनचा मांडीमागचा स्नायू दुखावला. ऑल-एनबीए संघात आला तर नव्या करारात त्याला सुमारे ४ कोटी १० लाख डॉलर जास्त मिळणार होते. ६५ सामने भरले नाहीत तर त्यातलं काहीच नाही. तो परत आला, पुन्हा बसला, मग मिनिटं मोजून खेळत राहिला. शेवटी ६९ सामने भरले आणि पैसेही मिळाले. पण दुखऱ्या पायाला घाई करायला लावणारा नियम चांगला म्हणता येत नाही.

खरं दुखणं वेळापत्रकात आहे. १९६७-६८ पासून संघामागे ८२ सामने ठरलेले आहेत. ते ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बसवायचे, म्हणजे जेमतेम पावणेसहा महिने. त्यात प्रत्येक संघाला साधारण पंधरा वेळा लागोपाठ दोन रात्री खेळावं लागतं. रात्री दहाला सामना संपला की जेवण, बर्फाचा शेक, विमान, आणि पहाटे दोन-तीनला पुढच्या गावचं हॉटेल. २०२५ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांत, डेमियन लिलार्ड, जेसन टेटम आणि हॅलिबर्टन या तिघांचीही टाचेमागची अकिलीस टेंडन तुटली. हॅलिबर्टनची तर अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात, आणि त्याच पायाची पोटरी काही दिवस आधी दुखावलेली होती. एकेका दुखापतीचं खापर वेळापत्रकावर फोडणं चुकीचं ठरेल. पण दुखावलेली पोटरी बरी व्हायला लागणारे दिवस वेळापत्रकातच नसतील, तर डॉक्टर तरी काय करणार?

उपाय म्हणून ५८ सामन्यांचा हिशेब नेहमी मांडला जातो: उरलेल्या २९ संघांशी एकदा घरी, एकदा बाहेर. खेळ म्हणून हे सर्वांत न्याय्य आहे, पण घरचे सामने ४१ वरून २९ वर येतात. लीगच्या उत्पन्नातला ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंचा असल्यामुळे उत्पन्न घटलं की त्यांचेही पगार घटतात, म्हणून खेळाडू संघटनाही यासाठी हट्ट धरत नाही. शिवाय २०२५-२६ पासून डिस्ने, एनबीसीयुनिव्हर्सल आणि अॅमेझॉन यांच्याशी ११ वर्षांचा, सुमारे ७६ अब्ज डॉलरचा प्रक्षेपण करार सुरू झाला आहे. एवढे पैसे मोजणाऱ्यांना सामने हवेतच.

आमच्या मते ७२ सामने हा जमण्याजोगा आकडा आहे. २०२०-२१ मध्ये महासाथीमुळे तेवढेच झाले होते, पण तेव्हा ते कमी दिवसांत कोंबले गेले. हेच ७२ सामने नेहमीच्या पावणेसहा महिन्यांत बसवले तर लागोपाठच्या रात्री जवळजवळ संपतात आणि घरचे फक्त पाच सामने जातात. लीगचे प्रमुख, कमिशनर अॅडम सिल्व्हर यांनी जानेवारी २०२५ मध्ये ४८ ऐवजी ४० मिनिटांच्या सामन्याची कल्पना बोलून दाखवली होती. तिचाही हिशेब करून पाहा: ८२ सामने ४० मिनिटांचे म्हणजे आजच्या मापाने ६८ सामन्यांइतका खेळ, आणि तिकिटाची एकही रात्र कमी होत नाही. विमानप्रवास मात्र तेवढाच राहतो, म्हणून आम्ही ७२ च्याच बाजूचे. किताबांची अटही सामन्यांऐवजी हंगामातल्या एकूण मिनिटांवर ठेवावी, म्हणजे दुखऱ्या पायाने वीस मिनिटं भरण्याची वेळ येणार नाही.

पूर्वी रिंगखालची झुंज, मधल्या अंतरावरचा जम्प शॉट, हुक हे सगळं पाहायला मिळायचं. आता जो तो लांबून तीन गुणांसाठी फेकतो. रेषा आणखी मागे नेली तर हे थांबेल का?
– एक जुने खेळाडू, कोल्हापूर

थांबणार नाही. तुमची खंत आम्हाला मनापासून पटते, पण हा उपाय लागू पडत नाही. का, ते आकड्यांत पाहू.

रेषेबाहेरून पडलेल्या शॉटला तीन गुण, आतून पडलेल्याला दोन. शंभर शॉट लांबून मारले आणि त्यातले ३६ पडले, तर १०८ गुण होतात. लीगची सरासरी आज एवढीच आहे. तेच शंभर शॉट रेषेच्या दोन पावलं आतून मारले तर चाळीसच्या आसपास पडतात, म्हणजे ८० गुण. दोन पावलांसाठी २८ गुण सोडून द्यायला कोणता प्रशिक्षक तयार होईल? समजा रेषा मागे नेली आणि शंभरात ३६ ऐवजी ३३ पडू लागले, तरी ९९ गुण होतात. मधल्या अंतराचा शॉट बरोबरीत यायला लांबचा शॉट २७ टक्क्यांच्याही खाली जावा लागेल. तेवढ्यासाठी रेषा इतकी मागे न्यावी लागेल की तिथून मोजकेच खेळाडू मारू शकतील.

लीगने हा प्रयोग नकळत एकदा केलेलाही आहे. १९९४ ते १९९७ अशी तीन वर्षं रेषा सगळीकडून २२ फुटांवर आणली होती. १९९६-९७ मध्ये संघामागे सामन्याला १६.८ प्रयत्न होत होते. रेषा परत मागे नेल्यावर पुढच्या हंगामात ते १२.७ झाले. पण वरचा हिशेब तेव्हा फार थोड्यांनी केला होता. १९७९-८० मध्ये, रेषा आली त्या वर्षी, हा आकडा फक्त २.८ होता आणि २०२४-२५ मध्ये तो ३७.६ आहे. हिशेब एकदा सगळ्यांना कळल्यावर दोन फुटांनी तो विसरायला लावता येत नाही.

आता कोपऱ्याकडे या, कारण गंमत तिथे आहे. एनबीएची रेषा समोरून २३ फूट ९ इंचांवर आहे, कोपऱ्यात मात्र २२ फुटांवर. हा फरक कोणाच्या आवडीने पडलेला नाही. कोर्ट ५० फूट रुंद, रिंग मधोमध, म्हणजे रिंगपासून बाजूच्या रेषेपर्यंत २५ फूट. २२ फूट सोडले की उभं राहायला ३ फूट उरतात. रेषा कोपऱ्यातही २३ फूट ९ इंचांवर नेली तर उरतात फक्त १५ इंच, आणि या खेळाडूंचा बूटच फूटभराहून लांब असतो. उडी मारून खाली येताना पाय रेषेबाहेर जाणारच. म्हणून कोपऱ्यातला शॉट २१ इंचांनी जवळचा राहिला आणि लीगमधला सर्वांत किफायतशीर लांब शॉट ठरला.

दोन सूचना नेहमी येतात. एक, कोर्ट दोन्ही बाजूंनी रुंद करा. त्यात कोर्टालगतच्या खुर्च्या जातात, आणि सगळ्यांत महाग तिकिटं त्याच खुर्च्यांची असतात. दुसरी सूचना म्हणजे गोलाई तशीच बाजूच्या रेषेपर्यंत जाऊ द्या, कोपऱ्यात तीन गुण नकोतच. ही स्वस्त आहे, पण उलटते. कोपऱ्यात तीन गुण मिळत नसतील तर तिथल्या खेळाडूकडे कोणी लक्ष देणार नाही. त्याचा बचावपटू सरळ रिंगखाली येऊन उभा राहील, आत घुसणाऱ्याची वाट बंद होईल आणि चेंडू परत समोरच्या रेषेवरच जाईल. म्हणजे जी रिंगखालची झुंज परत आणायची तीच मरेल. आत गर्दी वाढवणारा कुठलाही नियम चेंडू बाहेर ढकलतो.

म्हणून बदल करायचा तो लांबचा शॉट मोकळा कसा मिळतो तिथे करावा. यासाठी नवा नियमसुद्धा लागत नाही. थोडं बारकाईने पाहा: चेंडू असलेल्या खेळाडूसाठी त्याचा साथीदार आडवा उभा राहतो, बचावपटू त्याच्यावर अडखळतो, आणि तेवढ्या क्षणात शॉट मोकळा होतो. नियमाप्रमाणे या आडव्या उभ्या राहणाऱ्याने स्थिर असायला हवं. प्रत्यक्षात तो अर्धं पाऊल सरकतो, कंबर पुढे करतो, कधी हाताने हलकेच धरतोही, आणि शिट्टी क्वचितच वाजते. दोन महिने या सरकत्या अडथळ्यांवर काटेकोर फाऊल दिले तर मोकळे शॉट आपोआप कमी होतील.

याच्या जोडीला बचावपटूला थोडा हात वापरू द्यावा. २००४-०५ पासून बाहेरच्या भागात चेंडूवाल्याला हाताने अडवण्यावर कडक शिट्टी वाजू लागली आणि तिथून बाहेर खेळणाऱ्याचं पारडं जड झालं. ती सगळी सूट परत देऊ नये, नाहीतर धरपकडीचा कंटाळवाणा खेळ होईल. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात कमरेला टेकवायची मुभा पुरेशी आहे.

तीन गुणांवरच सगळं लावलं की काय होतं, तेही एकदा पाहायला मिळालं आहे. २०१८ मध्ये पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यात ह्यूस्टन रॉकेट्सने लांबून लागोपाठ २७ शॉट चुकवले. सामन्यात ४४ पैकी ७ पडले आणि अंतिम फेरी हुकली. त्या हंगामात निम्म्याहून जास्त शॉट लांबून मारणारा तो पहिला संघ होता. इतर संघांनी यातून मार्ग बदलला नाही, कारण त्याच हिशेबाने त्यांना ६५ सामने जिंकून दिले होते.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. टीव्ही पाहून सारखी लांबूनच शॉट मारते. प्रशिक्षक म्हणतात मारू दे, जमेल हळूहळू. बरोबर आहे का?
– एक पालक, नागपूर

अजून नको. या वयात हाताला ताकद कमी असते, म्हणून लांबून मारताना चेंडू कमरेपासून उचलला जातो, कोपर बाहेर फाकतं आणि दोन्ही हातांनी ढकलण्याची सवय लागते. ती पुढे सोळाव्या वर्षी मोडायला दुप्पट वेळ जातो. मिनी बास्केटबॉलचं माप वापरा: रिंग ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटरवर, चेंडू पाच नंबरचा. रिंगपासून दोन-अडीच मीटरवर उभं राहून एका हाताने शॉट, दुसरा हात फक्त आधाराला. तिथून दहापैकी सात पडू लागले की एक पाऊल मागे. पाऊल मागे घेतल्यावर कोपर पुन्हा बाहेर जायला लागलं तर परत पुढे आणा. रिंगची उंची बदलता येत नसेल तर निदान चेंडू तरी बदलाच. सात नंबरचा चेंडू सुमारे ६०० ग्रॅमचा असतो, पाच नंबरचा ५०० च्या आत.

हंगामाच्या शेवटी काही संघ मुद्दाम हरतात, हे उघड दिसतं. ड्राफ्टची लॉटरी नक्की चालते कशी? २०२५ मध्ये डॅलसला पहिला क्रमांक मिळाला त्यात गडबड होती असं आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात.
– तीन मित्र, सांगली

आधी लॉटरी. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंना संघांनी एकेक करून निवडण्याची पद्धत; जास्त हरलेल्या संघाला आधी निवडायची संधी जास्त, आणि वरचे क्रमांक लॉटरीने ठरतात. १ ते १४ आकड्यांचे चौदा टेबल टेनिसचे चेंडू एका यंत्रात टाकतात. २० सेकंद घुसळून पहिला चेंडू निघतो, मग दर १० सेकंदांनी पुढचे तीन. चौदातून चार निवडण्याचे १,००१ प्रकार होतात. एक बाद धरतात आणि उरलेले १,००० प्लेऑफ हुकलेल्या चौदा संघांत आधीच वाटलेले असतात. २०१९ पासूनच्या वाटपात सर्वांत वाईट तीन संघांना प्रत्येकी १४०, चौथ्याला १२५ आणि तिथून उतरत शेवटच्याला ५. अशा रीतीने फक्त पहिले चार क्रमांक काढतात, बाकीचे हरण्याच्या क्रमाने लागतात. म्हणून सर्वांत वाईट संघ पाचव्याच्या खाली जात नाही. हे सगळं बंद खोलीत होतं. संघांचे प्रतिनिधी, पत्रकार आणि लेखापरीक्षक आत असतात, फोन बाहेर ठेवलेले असतात. टीव्हीवर दिसतात ते नंतरचे लिफाफे. तिथेच संशयाला जागा मिळते. चेंडू निघताना थेट दाखवले तर निम्मी कुजबुज बंद होईल, आणि लीगने ते करावं असं आम्हाला ठामपणे वाटतं.

डॅलसकडे हजारातले १८ प्रकार होते, म्हणजे साधारण पंचावन्नात एक संधी. आपला तारा लुका डॉन्चिच याला लॉस एंजेलिस लेकर्सकडे धाडल्यावर तीनच महिन्यांत ड्राफ्टमधला सर्वांत नावाजलेला खेळाडू कूपर फ्लॅग हाती लागला, म्हणून लोकांना ते खटकलं. पण पंचावन्नात एक म्हणजे अशक्य नव्हे. १९९३ मध्ये ४१ विजय आणि ४१ पराभव असलेल्या ऑर्लँडोला तेव्हाच्या पद्धतीतल्या ६६ पैकी एका चेंडूवर पहिला क्रमांक मिळाला होता. त्यावर ओरड झाली, आणि पुढच्या वर्षीपासून सर्वांत वाईट संघाची संधी २५ टक्के केली गेली.

मुद्दाम हरण्याचं बीज तिथेच आहे. २५ टक्के मिळतात म्हटल्यावर फिलाडेल्फियाने २०१३ ते २०१६ अशी तीन वर्षं अनुक्रमे १९, १८ आणि १० सामने जिंकले, आणि २०१६ मध्ये पहिला क्रमांक घेतला. मग २०१९ मध्ये तळाच्या तिघांची संधी सारखी, १४ टक्के केली. तळाला जाण्याची शर्यत थोडी मंदावली, पण मधल्या संघांना आशा वाटू लागली आणि तेही हरू लागले.

मधल्या संघांचं गणित पाहायला ७ एप्रिल २०२३ चा सामना उपयोगी पडतो. डॅलसला शिकागोविरुद्ध खेळायचं होतं आणि प्ले-इनची, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या पात्रता सामन्यांची, संधी अजून शिल्लक होती. पण एका जुन्या सौद्यात त्यांनी आपला त्या वर्षीचा ड्राफ्ट क्रमांक न्यूयॉर्कला देऊन टाकला होता, आणि त्यात अट होती की तो पहिल्या दहात आला तर डॅलसकडेच राहील. जिंकले तर क्रमांक हातचा जाण्याची भीती. कायरी अर्व्हिंगला बसवलं, डॉन्चिच जेमतेम तेरा मिनिटं खेळला, सामना हरले आणि क्रमांक वाचला. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला. पहिल्या दहातल्या खेळाडूची किंमत त्याच्या कितीतरी पट असते.

या घटनेतच उपाय आहे. देऊ केलेल्या क्रमांकावर 'पहिल्या दहात आला तर', 'पहिल्या सहात आला तर' अशा अटी घालायला बंदी करावी. अट घालायचीच तर पहिल्या चारांपुरती, कारण ते चार चेंडूंनीच ठरतात, शेवटच्या आठवड्यात हरून ओढून आणता येत नाहीत. दुसरं, एका हंगामाऐवजी दोन हंगामांचे निकाल एकत्र धरावेत. महिलांच्या डब्ल्यूएनबीएत लॉटरीसाठी हीच पद्धत आहे. मार्चमधल्या दहा पराभवांची किंमत त्यामुळे निम्मी होते. तिसरी कल्पना उत्तर अमेरिकेतल्या महिलांच्या आइस हॉकी लीगमध्ये, पीडब्ल्यूएचएलमध्ये, सुरू आहे: संघ प्लेऑफमधून बाद झाला की त्यानंतर तो जितके गुण कमावेल त्यावर ड्राफ्टचा क्रम ठरतो. लवकर बाद होणाऱ्या दुबळ्या संघाला त्यासाठी जास्त सामने मिळतात, आणि शेवटच्या दिवसापर्यंत जिंकण्यात फायदा राहतो. एनबीएत याची अडचण एवढीच की खरोखर कमकुवत संघ, प्रमुख खेळाडू जखमी असताना, शेवटीही जिंकू शकणार नाही. म्हणून आम्ही पहिल्या दोन बदलांनी सुरुवात करू. पुढच्या तीस वर्षांचा प्रत्येक संघाचा क्रमांक आधीच ठरवून टाकण्याची चक्राची कल्पनाही २०१३ पासून चर्चेत आहे, पण त्यात तळाच्या गावातल्या प्रेक्षकाला धरून ठेवायला काहीच उरत नाही.

सट्ट्यामुळे एनबीए बदनाम होते आहे. खेळाडू एवढे श्रीमंत असताना कोण कशाला सामना विकेल?
– एक वाचक, रत्नागिरी

सामना विकायची गरजच उरलेली नाही, हीच अडचण आहे. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सट्टाबंदीचा १९९२ चा केंद्रीय कायदा रद्द केला आणि राज्याराज्यांत सट्टा कायदेशीर झाला. आता पैज निकालावरच लागते असं नाही. अमुक खेळाडू किती गुण करेल, किती रिबाऊंड घेईल, यावरही लागते. टोरांटो रॅप्टर्सचा जॉन्टे पोर्टर २६ जानेवारी २०२४ ला चार मिनिटं खेळून डोळ्याच्या दुखापतीचं कारण सांगून बाहेर गेला, आणि २० मार्चला तीन मिनिटांच्या आत तब्येतीचं कारण सांगून. तो कमी गुण करेल यावर पैजा लागल्या होत्या. मार्चच्या सामन्यावर एकाने ८० हजार डॉलर लावले होते आणि जिंकल्यास ११ लाख मिळणार होते. सट्टा कंपनीला ती पैज विचित्र वाटली, म्हणून ती रोखली गेली. १७ एप्रिलला पोर्टरवर आजन्म बंदी आली आणि पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

पोर्टर टू-वे करारावर, म्हणजे मुख्य संघ आणि त्याचा खालच्या लीगमधला संघ अशा दोन्हींकडून खेळण्याच्या करारावर, होता. या खेळाडूंना ताऱ्यांच्या मानाने फार कमी पैसे मिळतात, आणि कमी खेळणं कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. त्यानंतर टू-वे आणि दहा दिवसांच्या करारावरच्या खेळाडूंवर 'कमी करेल' अशा पैजा घेणं बंद झालं. हे योग्य पाऊल आहे, पण अपुरं. 'कमी करेल' ही पैज कुठल्याच खेळाडूवर नसावी, कारण जास्त गुण करणं एकट्याच्या हातात नसतं, बाहेर जाऊन बसणं मात्र असतं. आणि दुखापतीची बातमी एका माणसाला तासभर आधी कळली तरी तिचे पैसे होतात. म्हणून ड्रेसिंग रूममध्ये कळल्यापासून ती यादीत यायला किती मिनिटं लागली, याचीही नोंद ठेवावी. भारतात तर २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. अशा अॅपच्या जाहिराती मोबाइलवर दिसल्या तरी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

शेवटची दोन मिनिटं वीस मिनिटं चालतात. सारखे फाऊल, टाइमआऊट, रिप्ले. आम्ही कॉलेजची स्पर्धा घेतो, तिथेही तेच होतं. काही करता येईल?
– आयोजक मंडळ, पुणे

येतं. तुमच्या स्पर्धेत तर एनबीएपेक्षा लवकर येतं.

फाऊल का होतात ते आधी पाहा. मिनिट उरलं आहे आणि संघ सहा गुणांनी मागे आहे. काही न करता बचाव केला तर समोरचे २४ सेकंद घालवतात. फाऊल केला तर दोन सेकंदच जातात, पण दोन फ्री थ्रो (कोणी अडवत नसताना मारायचे, एकेका गुणाचे शॉट) द्यावे लागतात. एनबीएत शंभरात ७८ पडतात, म्हणजे सरासरी दीड गुण गेला. बदल्यात तुमचा शॉट सरासरी एक गुण देतो. दर फेरीला अर्धा गुण तोटाच होतो, म्हणून असे सामने क्वचितच फिरतात. तरी वेळ वाचवायचा दुसरा मार्ग नसल्यामुळे प्रत्येक प्रशिक्षक हेच करतो.

टाइमआऊट कमी करणं सोपं आहे. एनबीएत सामन्याला सात मिळतात आणि शेवटच्या तीन मिनिटांत जास्तीत जास्त दोन. आमच्या मते तिथे एकच पुरे. तुम्ही फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी खेळत असाल तर आधीच पाच आहेत.

फाऊलवर मात्र खरा उपाय निक एलम यांचा आहे: शेवटी घड्याळच बंद करायचं. अमेरिकेतल्या टीबीटी स्पर्धेत ही पद्धत रुळली आहे. शेवटच्या क्वार्टरमध्ये चार मिनिटांहून कमी उरल्यावर जेव्हा पहिल्यांदा खेळ थांबेल, तेव्हा घड्याळ बंद. पुढे असलेल्या संघाच्या गुणांत आठ मिळवायचे आणि तो आकडा आधी गाठेल तो जिंकला. स्कोअर ६२-५७ असेल तर लक्ष्य ७०. २०२० च्या ऑल-स्टार सामन्यात पूर्ण चौथा क्वार्टर असा खेळवला. पुढच्या संघाचे १३३ होते, त्यात दिवंगत खेळाडू कोबी ब्रायंटच्या स्मरणार्थ त्याच्या जर्सीचा क्रमांक २४ मिळवून लक्ष्य १५७ ठरलं आणि सामना १५७-१५५ असा संपला. जादा वेळेचा प्रश्नच येत नाही. मागच्या संघाला फाऊल करून काही मिळत नाही, उलट समोरच्याला लक्ष्याकडे ढकलल्यासारखं होतं.

तुमच्यासाठी आकडा असा काढा. तुमचे संघ ४० मिनिटांत साधारण ६० करत असतील तर मिनिटाला दीड, म्हणजे चार मिनिटांना सहा. त्यात एक वाढवून सात ठेवा. आठ-नऊ ठेवले तर कॉलेजच्या पातळीवर हा भाग कंटाळवाणा लांबतो, चार-पाच ठेवले तर मागच्या संघाला फिरायला जागाच राहत नाही. २४ सेकंदांचं घड्याळ चालूच ठेवा, नाहीतर पुढचा संघ चेंडू फिरवत बसेल. पंच आणि गुणलेखक दोघांनी लक्ष्य मोठ्याने जाहीर करून कर्णधारांकडून होकार घ्या, कारण सगळी भांडणं याच बेरजेवरून होतात.

एक उणीव राहते. ऑल-स्टारचा तो सामना फ्री थ्रोवर संपला, आणि इतक्या चुरशीच्या लढतीचा शेवट पाहायला तो फिका वाटतो. ती टाळायला या भागात शॉट न मारणाऱ्यावर फाऊल झाला तर दोनऐवजी एक फ्री थ्रो आणि चेंडू परत त्याच संघाला, असं ठेवा. सामन्याचं मुख्य घड्याळ बंद झाल्यावर कापडाने झाका आणि शेजारी लक्ष्याचा आकडा लिहिलेली पाटी उभी करा, म्हणजे सवयीने घड्याळाकडे वळणारी नजर लक्ष्यावर पडेल.